कालवांची पेटी नाशिकपर्यंत: काय मागवावं, कधी, आणि काय नको

कालव (ऑयस्टर) एप्रिल-मेमध्ये मांसाने भरतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ते नाशिकला जिवंत पोचत नाही. देवगड तालुक्यातल्या खाडीत दहा वर्षांहून जास्त काळ चाललेल्या या फार्मबद्दल बरं-वाईट जे सांगायचंय, ते फिरून फिरून या एका अडचणीपाशी येतं. माल चांगला आहे. खाडीकाठी बसून खाल्लात तर तक्रारीला जागा नाही. पण पेटी रात्रभर घाट चढून कोल्हापूर-पुणेमार्गे सकाळी नाशिकच्या द्वारका चौकात उतरते, तेव्हा आत काय असेल हे फार्मपेक्षा पेटी कशी भरली यावर जास्त ठरतं.

फार्म चालवणारा गट महिलांचा आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यांतल्या निम्म्या वाहतुकीच्या आहेत, त्यांच्या नाहीत. शिवाय ही पद्धत एकट्या याच गटाची नाही, त्यामुळे दुसऱ्या गटाकडून मागवणाऱ्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

त्यांच्याकडे तीन गोष्टी मिळतात: कवचासकट जिवंत कालवं (४ डझनांची पेटी), उकडून सोललेलं मांस (५०० ग्रॅमचं पाकीट) आणि कालवांचं लोणचं. इथे जे लिहिलंय ते डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल अशा तीन खेपांवरून.

आधी फार्मबद्दल थोडं, कारण पेटीतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा तिथे होतो. ही पद्धत केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेची. तिने १९७० च्या दशकात तुतिकोरीनला प्रयोग केले, १९९० च्या दशकात केरळात अष्टमुडी आणि आसपासच्या बॅकवॉटरमध्ये गावकऱ्यांच्या हाती ते तंत्र दिलं. सिंधुदुर्गात ते संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून आलं आणि पुढे राज्याच्या वनखात्यातल्या कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेत शिरलं. तंत्र दिसायला साधं आहे. खाडीत बांबू रोवून मांडव घालायचा, आणि त्याला सुमारे एक मीटरच्या नायलॉन दोऱ्या पाण्यात सोडायच्या. प्रत्येक दोरीवर भोक पाडलेली जुनी कालवाची कवचं, साधारण पाच, एकमेकांपासून १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर. कालवाची पिल्लं जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग कठीण जागा शोधून डाव्या कवचाने कायमची चिकटतात. जुनं कवच ही त्यांची सगळ्यात आवडती जागा. खायला काही घालावं लागत नाही. खाडीचं पाणी गाळून त्यातली सूक्ष्म शेवाळं कालव स्वतःच खातं.

बिघडतं ते वेळेवरून. दोऱ्या फार आधी सोडल्या तर पिल्लं यायच्या आत कवचांवर गाळ बसतो आणि बार्नेकल नावाचे टणक कवचाचे बारीक समुद्री जीव चिकटतात, मग कालवाला जागा उरत नाही. उशीर झाला तर पिल्लांची लाट निघून गेलेली असते. पावसाळा संपून खाडी पुन्हा खारट व्हायला लागली की दोऱ्या पडायला हव्यात. दोरी तळाला टेकली तर खेकडे कोवळी कालवं फोडून खातात. बांबू समुद्री किडा पोखरतो, त्यामुळे मांडव दरवर्षी थोडाफार नव्याने घालावा लागतो. आणि सगळ्यात मोठा धोका मुसळधार पावसाचा. वरून गोडं पाणी लोटलं की कालव कवच घट्ट मिटून बसतं. काही दिवस तग धरतं, पण गोडं पाणी हटलं नाही तर मरतं. म्हणून बहुतेक पीक जूनच्या आत काढतात. सहा-आठ महिन्यांत कालव सहा-सात सेंटिमीटरचं झालेलं असतं.

यातून ग्राहकाने काय समजायचं? डिसेंबरच्या पेटीत जी मोठी, जाड कवचाची कालवं दिसतात ती या हंगामाची नाहीत. गेल्या वर्षीची, पावसाळा काढलेली आहेत. कोकण किनाऱ्यावर कालवं पावसाळ्यात पिल्लं सोडतात आणि त्यानंतर मांस पातळ, पाणचट, जवळजवळ पारदर्शक होतं. ते भरून यायला महिने लागतात. डिसेंबरच्या पेटीत नेमकं हेच दिसलं: हातभर कवच, आत बोटभर मांस. दिसायला भव्य, खायला निराशा. फेब्रुवारीत कालवं आकाराने लहान, पण मांस दुधी, गुबगुबीत आणि कवचाच्या वाटीत काठोकाठ. एप्रिलमध्ये तर लोण्यासारखं. मोठं कालव म्हणजे चांगलं कालव, हा गैरसमज फार्मच्या फोनवरही दूर करत नाहीत. उलट 'यावेळी मोठी आहेत' असंच कौतुकाने सांगतात.

आता पेटी. थर्माकोलचा डबा, तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ, वर ओलं गोणपाट, त्यात कालवं, पुन्हा गोणपाट, झाकणाला टेप. गोणपाट उत्तम. बर्फ तळाशी ठेवणं ही घोडचूक. पिशवी कुठेतरी फुटतेच, वितळलेलं पाणी खाली साचतं आणि तळाचा थर त्यात बुडतो. समुद्राच्या जिवाला गोड्या पाण्यात बुडवून ठेवलं तर त्याचं काय होणार! ज्या कालवाने तोंड उघडलं ते तिथेच गेलं. मिटून राहिलं त्याला साचलेल्या पाण्यात हवा नाही. फेब्रुवारीच्या ४८ मधली ५ मेलेली निघाली, ती पाचही तळाच्या थरातली. एप्रिलमध्ये ४८ पैकी १९ मेली, तेव्हा मात्र वरच्या थरातलीही होती. ते उष्णतेचं काम. डिसेंबरला फक्त २.

एप्रिलच्या पेटीनंतर फार्मला पेटी अशी भरायला सांगितली: तळाशी बांबूच्या चार पट्ट्या आडव्या, म्हणजे पाणी त्यांच्या खाली राहील. डब्याच्या कोपऱ्यात तळाला एक भोक. कालवं खोलगट बाजू खाली ठेवून एकमेकांना दाटीने चिकटवलेली, म्हणजे त्यांना उघडायला जागाच उरणार नाही आणि आतलं खारं पाणी सांडणार नाही. कालव त्या आतल्या पाण्यावरच जगतं, त्यामुळे हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. थंडावा वरून द्यायचा. बर्फ नको, गोठवलेले जेल-पॅक, वर्तमानपत्रात गुंडाळून, गोणपाटाच्या वर. त्यांनी ऐकून घेतलं, पट्ट्या घालू म्हणाल्या. जेल-पॅक परत कोण पाठवणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे पैसे वेगळे लावले तरी चालतील असं आपण सांगावं.

दुसरा मार्ग रेल्वेचा. मंगला एक्सप्रेस रत्नागिरीहून पनवेल, कल्याण करत थेट नाशिकरोडला येते, मध्ये माल उतरवून पुन्हा चढवावा लागत नाही. पण देवगडहून रत्नागिरीला पेटी पोचवणारं कुणीतरी लागतं, आणि पार्सल ऑफिसातून ती सुटायला वेळ जातो. चार-पाच घरांनी मिळून मोठी मागणी दिली तरच हा खटाटोप परवडतो. नाहीतर ट्रॅव्हल्सची बस बरी. एकच सूचना: पेटी डिकीत इंजिनाच्या बाजूला ठेवू देऊ नका, आणि 'ही बाजू वर' असं झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा. उलटी पडलेली पेटी म्हणजे रात्रभर आतलं पाणी गळून गेलेली कालवं.

पेटीवर चिठ्ठी असते. तिच्यावर फार्मचं नाव, फोन, अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक. काढणीची तारीख मात्र नसते. भरल्याची तारीख असते आणि ती वेगळी गोष्ट आहे. सोमवारी खाडीतून काढलेली कालवं गुरुवारी भरली तर चिठ्ठीवर गुरुवारच येणार. अमेरिकेत तर कालवांच्या प्रत्येक पोत्याला काढणीची जागा आणि तारीख लिहिलेला बिल्ला असतो आणि हॉटेलने तो पोतं संपल्यावरही ९० दिवस जपून ठेवायचा असतो, कारण कुणी आजारी पडलं तर माल कुठला हे शोधता यावं. आपल्याकडे एवढं नको, पण पेनने 'काढणी' म्हणून एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

घरी पेटी आली की पहिलं काम निवडणं. मिटलेलं कालव जिवंत धरायला हरकत नाही. किंचित उघडं असेल तर कवचावर सुरीच्या मुठीने टकटक करा, अर्ध्या मिनिटात मिटलं तर जिवंत. मिटलं नाही तर टाका, वास कितीही चांगला असो. मिटलेल्यातही दोन एकमेकांवर आपटून बघा. भरीव दगडासारखा आवाज आला तर आत पाणी आहे. पोकळ, डबड्यासारखा आला तर आतलं पाणी गेलेलं आहे, ते बाजूला काढा. फार जड लागलं तरी संशय घ्या, कधी मेलेल्या कवचात नुसता चिखल भरलेला असतो.

मग ती नळाखाली ब्रशने घासा, पण पाण्यात भिजत घालू नका. नाशिकमध्ये शिंपल्या आणल्या की तासभर पाण्यात टाकायची सवय आहे, वाळू निघते म्हणून. तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांना खाऱ्या पाण्यात ठेवलं तर निघतेही. कालव मात्र वाळूत राहत नाही, दोरीवर लटकलेलं असतं, त्याच्या पोटात वाळू नसते. गोड्या क्लोरीनच्या पाण्यात ते फक्त मरतं. घासून झाली की खोलगट बाजू खाली ठेवून पसरट ताटात, वर ओलं फडकं, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. हवाबंद डबा किंवा पिशवी नको. त्याच दिवशी संपवा, फार तर दुसऱ्या. विलायती व्हिडिओत आठवडाभर ठेवतात ती थंड पाण्यातली कालवं. आपली उष्ण खाडीची, त्यांना गारठ्याची सवय नाही.

कच्चं खायचं का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, म्हणून सविस्तर.

फार्मवर शुद्धीकरणाची टाकी आहे. कालवं २४ तास गाळलेल्या, अतिनील दिव्याखालून फिरवलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवतात. जाळीच्या ट्रेमध्ये एक-दोन थर, घाण तळाला बसते, आणि कालवं उचलण्याआधी पाणी सोडून देतात, म्हणजे बसलेली घाण ढवळली जात नाही. हे सगळं बरोबर आहे, मनापासून केलेलं आहे. पण या टाकीने काय होतं आणि काय होत नाही हे वेगळं समजून घ्यायला हवं. सांडपाण्यातले नेहमीचे जिवाणू बऱ्यापैकी निघून जातात. नोरोव्हायरससारखे विषाणू कालवाच्या पचनग्रंथीत चिकटून राहतात. गरम समुद्रात नैसर्गिकपणे असणारे व्हिब्रिओ जिवाणू टाकीला दाद देत नाहीत. शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू आणि विषारी शेवाळांची विषं एका दिवसात जात नाहीत. म्हणून युरोपात आधी पाण्याचीच वर्गवारी करतात: १०० ग्रॅम मालात ई-कोलाय हे सांडपाण्यातले जिवाणू २३० च्या आत असतील तर 'अ' वर्ग, थेट विक्री. ४,६०० पर्यंत 'ब' वर्ग, शुद्धीकरण केल्याशिवाय विकायचं नाही. आपल्या पाकिटावर खाडीचा असा वर्ग लिहिलेला नसतो. त्यात वर रात्रभराचा प्रवास, आणि व्हिब्रिओ गरम पेटीत वेगाने वाढतो.

मधुमेह, यकृताचा आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांना कच्च्या कालवातला व्हिब्रिओ जिवावर बेतू शकतो. लिंबू पिळून किंवा वरून वाइन पिऊन तो मरत नाही. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात बर्फावर मांडून येतात ती बहुतेक विमानाने आलेली परदेशी कालवं, वर्ग आणि बिल्ला असलेल्या पाण्यातली. त्यांची आणि आपल्या पेटीची तुलना करू नये.

याच कारणाने मुंबई-ठाण्याच्या आसपासच्या खाड्यांतून खरवडून आणलेली, भाव निम्मा असलेली कालवं घेऊच नयेत. शिजवून जिवाणू मरतील, धातू शिजत नाहीत. देवगडच्या खाडीला मोठं शहर किंवा कारखान्यांची रांग लागून नाही, या फार्मची खरी किंमत तिथे आहे.

वाफवणं आणि फोडणं

कोकणात बायका लहान कोयतीने कवचाची कड फोडून मांस काढतात, एका मिनिटात तीन-चार. हा हात नाशिकच्या ओट्यावर येणार नाही, प्रयत्नही करू नका. कालवाचं कवच काचेसारखं कापतं आणि जखम चिघळते. सगळ्यात सोपं म्हणजे वाफ. मोदकपात्रात उकळत्या पाण्यावर कालवं खोलगट बाजू खाली ठेवून झाकण लावा. कवचं उघडू लागली की तिथून पुढे ४ ते ९ मिनिटं, आकाराप्रमाणे. एकावर एक रचू नका, खालची रबर होतात आणि वरची कच्ची राहतात. ज्यांनी तोंड उघडलंच नाही ती फेकून द्या. उघडलेल्यांतही दोन कवचांमधला स्नायू सुरीने कापावा लागतो, ओढून काढलं तर निम्मं मांस कवचालाच राहतं. कवचात साचलेलं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून ठेवा. ते फार खारं असतं, पण रश्शाला तेच.

आत कधी मटारएवढा मऊ खेकडा सापडतो. घाबरू नका, तो पोटभाडेकरू आहे, शिजला की बिनधास्त खा. मोती मात्र सापडणार नाही. मोत्याचं कालव वेगळ्या कुळातलं.

सोललेल्या मांसाचं पाकीट

नाशिककरासाठी या फार्मची खरी शिफारस हीच. एप्रिल-मेमध्ये, कालव जेव्हा सगळ्यात भरलेलं असतं तेव्हा फार्मवरच उकडून, सोलून, गोठवून पाठवतात. मेलेलं जिवंत निवडायचं काम त्यांनी केलेलं असतं, आणि पेटीत बर्फ कुठेही असला तरी फरक पडत नाही.

महाग वाटेल, पण हिशोब करा. कवचासकट वजनाच्या फक्त आठ ते दहा टक्के मांस निघतं. म्हणजे एक किलो मांसासाठी दहा-बारा किलो कालवं. जिवंत पेटीचा किलोचा भाव दहाने गुणा, त्यात मेलेल्यांची तूट आणि कवचाच्या वजनाचं बसभाडं धरा, मग पाकिटाकडे बघा. पाकीट स्वस्त पडतं, फेब्रुवारीतही.

दोन उणिवा आहेत. पाकिटावर ५०० ग्रॅम लिहिलेलं असतं ते पाण्यासकट. चाळणीत दहा मिनिटं निथळल्यावर ४२० भरलं. हे चूक नाही, तो रस वापरायचाच आहे, पण 'निथळलेलं वजन' वेगळं छापायला हवं. दुसरं, कवचाचे बारीक तुकडे. प्रत्येक पाकिटात चार-पाच असतातच, दाताला लागले की जेवणाचा मूड जातो. मांस साध्या पाण्यात धुऊ नका, चव वाहून जाते. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालून त्यात हाताने अलगद हलवा. तुकडे जड असतात, तळाला बसतात. मांस वरून उचलून घ्या, भांडं ओतू नका.

पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सोडवा, ओट्यावर नाही. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवलं तर भुसा होतं. मांसाचा रंग मळकट पांढऱ्यापासून राखाडीपर्यंत, कडा काळसर. पोटाशी हिरवट झाक असली तर ते खाल्लेलं शेवाळ आहे, बिघाड नाही. आंबूस किंवा गंधकासारखा वास आला तर मात्र चव बघायलाही जाऊ नका.

ताटात

कालवांचं सुकं करताना नाशिकचा काळा मसाला लांब ठेवा. मटणाला तो राजा आहे, कालवांवर घातला की कालव कुठे गेलं ते कळत नाही. बारीक चिरलेला कांदा जास्त तेलात गुलाबी, आलं-लसूण, हळद, मालवणी मसाला दीड चमचा, मसाल्याचा कच्चा वास गेला की निथळलेलं मांस, दोन-तीन आमसुलं, आणि शेवटी मूठभर ओलं खोबरं. मीठ घालू नका. शेवटी चाखून बघा, दहापैकी नऊ वेळा लागत नाही. पाकिटातलं मांस आधीच उकडलेलं असतं, तरी पूर्ण वाफ येऊन तीन मिनिटं तरी उकळू द्या. त्यापुढे मात्र गॅसवर ठेवलं की मिनिटामिनिटाला ते आकसतं. मसाला आधी पूर्ण शिजवून मगच मांस घालायचं, हे त्यामुळेच. आणि जिवंत पेटीतलं वाफवलेलं मांस असेल तर ते आधीच शिजलेलं आहे, नुसतं घोळवून उतरवा.

भजी करायची तर पीठ बेसनापेक्षा तांदळाचं जास्त घ्या, दोन भाग तांदूळ, एक भाग बेसन, आणि मांस कोरड्या फडक्यावर टिपून घ्या. ओलं मांस तेलात उडतं.

लोणच्याबद्दल थोडक्यात: व्हिनेगर जास्त, मोहरी जास्त, कालव दिसत नाही. भाताबरोबर दोन घास ठीक. पुन्हा मागवणार नाही.

वाइनचं विचाराल तर इथे नाशिकचं पारडं जड आहे. फ्रान्समध्ये कालवांबरोबर शाब्ली पितात आणि तिथल्या मातीतच प्राचीन कालवांचे जीवाश्म आहेत, अशी त्यांची कौतुकाची गोष्ट. आपली द्राक्षं बेसॉल्टच्या काळ्या मातीत, कालवाशी काही नातं नाही, पण आंबटपणा आहे आणि कालवाला तोच लागतो. नुसत्या वाफवलेल्या कालवांबरोबर सॉव्हिन्यों ब्लां, किंवा दिंडोरीची कोरडी स्पार्कलिंग, खूप गार करून. मालवणी मसाल्याच्या सुक्याबरोबर कोरडी वाइन तिखटाला आणखी धार लावते, तिथे किंचित गोडसर शेनिन ब्लां. ओकच्या पिंपात मुरवलेली कुठलीही पांढरी नको, कालवाच्या खारटपणाशी ती कडू होते. लाल तर नकोच.

कधी काय मागवायचं

जिवंत पेटी जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारी संपेपर्यंत, तेव्हा नाशिकची थंडी अजून रेंगाळत असते आणि मांस भरायला लागलेलं असतं. मार्चचा पहिला आठवडा हवा बघून. डिसेंबरची घेऊ नका, जिवंत येतात पण आत काही नसतं. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत फक्त पाकिटं. जूनपासून फार्म बंद, दिवाळीच्या आसपास फोन लागायला लागतो. कुणी ऑगस्टमध्ये 'ताजी कालवं' म्हणून विकत असेल तर ती कुठल्या पाण्यातली हे विचारा आणि उत्तर काहीही मिळालं तरी पुढे जा. पावसाळ्यात कालव पिल्लं सोडून रिकामं झालेलं असतं आणि नद्यांतून आलेली सगळ्या गावांची घाण खाडीत असते.

पेटी रिकामी झाल्यावर चार-पाच किलो कवचं उरतात. ओल्या कचऱ्यात टाकली की दुसऱ्या दिवशी घंटागाडीवाला आणि शेजारी दोघांचीही नाराजी. धुऊन गच्चीत दोन दिवस उन्हात वाळवा, वास जातो. कोंबड्या पाळणारं कुणी ओळखीचं असेल तर जाडसर कुटून द्या, अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतो आणि हा जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट आहे. बागेत घालायचा मोह होतो. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत त्याचा उपयोग आहे. नाशिकच्या काळ्या मातीत चुनखडी आधीच भरपूर, तिथे गुलाबाच्या कुंडीत घातलीत तर पानं पिवळी पडतील.